कांगड्याचा गलगंड आणि सांभरचे मीठ

मानेच्या पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या जरा खाली, पंधरा-वीस ग्रॅम वजनाची फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते. पाठ्यपुस्तके तिला अवटू ग्रंथी म्हणतात, बाकी सगळे थायरॉईड. ती जे थायरॉक्सिन बनवते त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन शरीराला तयार करता येत नाही, ते अन्नपाण्यातूनच यावे लागते. गरज मात्र नखाएवढीही नाही: प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणी २५०. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तरी तो चार ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. एवढ्याशा वस्तूच्या तुटवड्याने हिमालयाच्या पायथ्यालगतच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या गळे सुजले आणि मुले मुकी-बहिरी जन्मली. उपाय काय ते कळल्यावरही तो त्या गावांपर्यंत पोचायला शंभरापेक्षा जास्त वर्षे लागली, आणि पोचला तो औषधाच्या बाटलीतून नव्हे, मिठाच्या पोत्यातून. म्हणून या आजाराचा इतिहास वैद्यकाइतकाच मिठाच्या व्यापाराचाही आहे.

आयोडीन कमी पडले की रक्तातले थायरॉक्सिन घटते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी ते ओळखते आणि थायरॉईडला जास्त काम करायला लावते. कच्चा माल नसताना कारखान्यात यंत्रे वाढवत जावे तशी थायरॉईड मग आकाराने वाढत जाते. तोच गलगंड. दिसायला तो ठसठशीत असतो, म्हणून सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे गेले. खरे नुकसान दिसत नाही. पोटातल्या बाळाच्या मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. ते तीव्र प्रमाणात कमी पडले तर मूल खुजे, मतिमंद, ऐकू-बोलू न शकणारे होते. याला क्रेटिनिझम म्हणतात. गळ्याची गाठ वाढलेली आई आणि तिचे न बोलणारे मूल एकाच घरात दिसत, पण दोघांचे कारण एकच आहे हे कळायला फार काळ जावा लागला.

आयोडीनचे घर समुद्र. समुद्राच्या पाण्यातून ते हवेत जाते, पावसातून जमिनीवर पडते आणि पुन्हा वाहून समुद्राला मिळते. ज्या डोंगरांवरची माती हिमनद्यांनी खरवडून नेली किंवा जिथे मुसळधार पाऊस आणि पूर वर्षानुवर्षे जमीन धुऊन काढतात, तिथे आयोडीन उरत नाही. आल्प्स, अँडीज आणि हिमालय ही त्याची ठळक ठिकाणे. अशा जमिनीत पिकलेल्या धान्यात, तिथल्या भाजीत, तिथला चारा खाणाऱ्या गाईच्या दुधातही ते नसते. माणूस कितीही पोटभर जेवला तरी ताटात ते येतच नाही. काश्मीरपासून अरुणाचल आणि नागालँडपर्यंत हिमालयालगतचा जो पट्टा वैद्यकाच्या पुस्तकांत ‘गलगंडाचा पट्टा’ म्हणून ओळखला जातो, तो एका अर्थाने मातीचाच नकाशा आहे.

गलगंड हा शब्द जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची आणि अर्बुद यांच्याबरोबर त्याचे वर्णन येते. तेराव्या शतकात मार्को पोलो मध्य आशियातल्या यारकंदला गेला तेव्हा त्यालाही गळ्याला गाठी असलेली पुष्कळ माणसे दिसली, आणि तिथल्या पाण्याचा हा परिणाम असावा असे त्याने लिहून ठेवले. पाण्यावरचा हा संशय पुढे सहाशे वर्षे टिकला. १८३५ मध्ये जॉन मॅक्लेलंड याने कुमाऊँमधल्या खडकांची पाहणी करताना चुनखडीवर वसलेल्या गावांत गलगंड जास्त आढळतो असे नोंदवले. पाण्यातला चुनाच बाधतो हा तर्क मग बराच काळ चालला. तर्क चुकीचा होता, पण आजार जमिनीशी बांधलेला आहे एवढे त्यातून पक्के झाले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट मॅककॅरिसन हा लष्करी डॉक्टर गिलगिटला होता. गिलगिट म्हणजे तेव्हा एकाच ओढ्याच्या पाण्यावर जगणारी आठ गावे. ओढा वरच्या गावातून खालच्या गावात येई, वाटेत शेतांतली आणि वस्तीतली घाण उचलत. मॅककॅरिसनने गळे मोजले तेव्हा वरच्या गावात गलगंड कमी आणि जसजसे खाली जावे तसतसा जास्त असा चढता क्रम दिसला. त्याने पाण्यातला गाळ वेगळा काढला, तो काही जणांना रोज प्यायला दिला आणि स्वतःही प्यायला. काहींचे गळे सुजले, त्याचा स्वतःचाही. उकळलेला गाळ पिणाऱ्यांना काही झाले नाही. त्यावरून हा पाण्यातल्या जंतूंचा आजार असा निष्कर्ष त्याने काढला. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या प्रामाणिकपणे चुकलेले प्रयोग थोडेच असतील. चुकले म्हणणेही पूर्ण खरे नाही. ज्याच्या शरीरात आयोडीनचा साठा आधीच ओढाताणीचा आहे, त्याची अवस्था इतर गोष्टींनी बिघडू शकते, हे पुढे वेगळ्या वाटेने सिद्ध झाले. याच मॅककॅरिसनने कुन्नूरला आहारविषयक संशोधन सुरू केले. त्या प्रयोगशाळेतून आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली.

युरोपात तोवर आयोडीन सापडून शतक होत आले होते. १८११ मध्ये बर्नार्ड कूर्त्वा हा फ्रेंच रसायनज्ञ नेपोलियनच्या युद्धांसाठी लागणारा सोरा बनवत होता. त्यासाठी तो समुद्रशेवाळाची राख वापरत असे. राखेवर गंधकाम्ल जरा जास्त पडले आणि जांभळी वाफ उठली. १८२० मध्ये जिनिव्हाच्या जाँ-फ्रान्स्वा क्वांदे याने हेच द्रव्य गलगंडावर दिले आणि गाठी ओसरल्या. पण डोस फार होता. काही रोग्यांची छाती धडधडू लागली, वजन उतरले, आणि आयोडीन बदनाम झाले. अँडीजमध्ये फिरलेल्या बूसँगो याने स्थानिक लोक ठरावीक खाणीचे मीठ गलगंडावर वापरतात हे पाहिले होते. त्या मिठात आयोडीन आढळल्यावर ते घरोघर पोचवावे अशी सूचना त्याने १८३० च्या दशकातच केली. कोणी मनावर घेतली नाही. थायरॉईड ग्रंथीतच आयोडीन असते हे ऑयगेन बाउमान याने दाखवायला १८९५ साल उजाडले.

मग मात्र वेग आला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन शहरात, डेव्हिड मरीन आणि ओ. पी. किंबॉल यांनी १९१७ पासून शाळकरी मुलींना आयोडीनची लहान मात्रा दिली. ती घेणाऱ्या २१९० मुलींपैकी पाच जणींची ग्रंथी वाढली, न घेणाऱ्या २३०५ पैकी ४९५ जणींची. स्वित्झर्लंडमध्ये ओट्टो बायार्ड या डॉक्टरने १९१८ मध्ये डोंगरातल्या एका खेड्यात मिठात आयोडीन मिसळून ते लोकांना खायला दिले, तर हान्स एगेनबर्गर याने १९२२ मध्ये आपेन्झेल परगण्यात असे मीठ दुकानात आणले. १९२४ मध्ये मिशिगनमध्येही ते विकले जाऊ लागले. प्रश्न विज्ञानापुरता तिथे मिटला होता.

भारतात तो मिटला नव्हता. पाश्चात्त्यांचे निष्कर्ष हिमालयाला लागू पडतात का, की इथे मॅककॅरिसनची घाण किंवा मॅक्लेलंडचा चुना खरा, हे ठरवायला इथेच प्रयोग हवा होता. तो झाला कांगडा खोऱ्यात. पाठीशी धौलाधारची बर्फाळ भिंत, पुढे शिवालिकच्या टेकड्या आणि मध्ये भात-मका-गहू पिकवणारी दाट वस्ती. या भागात डोंगरातले मीठ पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाई: जवळच्या मंडी संस्थानातल्या द्रंग आणि गुमा इथल्या खाणींतले, किंवा पश्चिमेकडे खेवड्याच्या डोंगरातले सैंधव. दोन्हींत आयोडीन नगण्य. फाळणीनंतर खेवडा पाकिस्तानात गेला आणि उत्तर भारताचे मीठ राजस्थानातल्या सांभर सरोवरातून आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून यावे लागले. फाळणीच्या हिशेबात कोणी न धरलेली ही गोष्ट पुढे उपयोगी पडली. मीठ एका ठिकाणाहून रेल्वेने येत असेल तर त्यात काही मिसळणे शक्य असते. शंभर ठिकाणी खणले जात असेल तर नसते.

प्रयोगाचे सूत्रधार डॉ. व्ही. रामलिंगस्वामी. तेही सुरुवातीला कुन्नूरच्या त्याच प्रयोगशाळेत काम करत होते, पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत विकृतिशास्त्राचे प्रमुख झाले. त्यांच्या चमूत पुढे एम. जी. देव आणि एम. जी. करमरकर ही दोन मराठी नावेही आहेत. आधी त्यांनी किरणोत्सारी आयोडीन वापरून गलगंडी माणसांच्या ग्रंथींची परीक्षा केली. दिलेले आयोडीन त्या ग्रंथी अधाशासारखे ओढून घेत आणि लघवीत जेमतेम काही उतरे. भुकेल्या माणसाने ताट चाटून-पुसून घ्यावे तसे. घाण, चुना हे तर्क त्यानंतर मागे पडले.

१९५६ मध्ये खोऱ्यातल्या लाखभर वस्तीचे तीन विभाग केले गेले. तिन्हींत शाळकरी मुलांमधले गलगंडाचे प्रमाण जवळपास सारखे, ३८ टक्क्यांच्या आसपास. अ विभागाला पोटॅशियम आयोडाईड मिसळलेले मीठ, क विभागाला पोटॅशियम आयोडेट मिसळलेले, ब विभागाला साधे. चव, रंग, किंमत यांत फरक नाही. सहा वर्षांनी पुन्हा गळे मोजले. अ विभागात प्रमाण १९ टक्क्यांवर आले होते, क विभागात १५ वर. ब विभागात ४० टक्के, म्हणजे होते तिथेच. त्यानंतर ब विभागालाही आयोडीनयुक्त मीठ सुरू झाले आणि तिथलाही आकडा उतरू लागला. १९६८ मध्ये अ आणि क विभागांतले प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली गेले. कारण आणि उपाय दोन्ही एकाच मोजणीत सिद्ध करणारे असे पुरावे आरोग्यशास्त्रात फार नाहीत. आजची कोणतीही नीतिसमिती मात्र ब विभागाच्या त्या सहा वर्षांबद्दल चार प्रश्न विचारल्याशिवाय राहणार नाही. त्या काळात तिथे जन्मलेल्या मुलांचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नाही.

दोन क्षारांपैकी भारताने आयोडेट निवडले, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रात कमी, मालगाडीत जास्त सापडते. सांभरचे मीठ तागाच्या पोत्यात भरून उघड्या वाघिणींतून जाई. वाटेत ऊन, पाऊस, फलाटावरचा मुक्काम. ओल लागली की आयोडाईडचे सुटे आयोडीन होऊन उडून जाते. आयोडेट जास्त टिकते. तरीही वाटेत आणि दुकानात काही घट होतेच, म्हणून नियम दोन आकड्यांचा केला गेला: कारखान्यातून निघताना दशलक्ष भागांत किमान ३० भाग आयोडीन, ग्राहकाच्या हातात पडताना किमान १५. पंधरा भाग म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. दिवसाला दहा ग्रॅम मीठ खाणाऱ्याला बरोबर १५० मिळतात.

कांगड्याच्या पहिल्या निकालांवर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. युनिसेफने यंत्रे दिली, पहिले कारखाने सांभरला उभे राहिले. पुढची वीस वर्षे मात्र काम रखडतच चालले. उत्पादन फक्त सरकारी कारखान्यांकडे होते आणि ते गरजेच्या मानाने तुटपुंजे. पट्ट्यातल्या जिल्ह्यांत साध्या मिठाला बंदी आणि शेजारच्या जिल्ह्यात ते खुले, त्यामुळे स्वस्त साधे मीठ हद्द ओलांडून येतच राही. जे आयोडीनयुक्त मीठ गावात पोचे, त्याचे घरात काय होई हाही प्रश्न होता. खडे मीठ माती-रेती निघावी म्हणून धुऊन वापरण्याची रीत देशभर होती. आयोडेट तर खड्याच्या पृष्ठभागावरच बसलेले असते. पाण्याचे दोन हात फिरवले की सांभरच्या कारखान्यातली सगळी खटपट मोरीत वाहून जाई.

याच काळात झालेल्या पाहण्यांनी आणखी एक समजूत मोडली. गलगंड हिमालयापुरता आहे असे धरले गेले होते. मोजणी सुरू झाली तसा तो महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, केरळ अशा पट्ट्याबाहेरच्या राज्यांतही सापडला. १९८० च्या दशकात धोरण बदलले. खाजगी उत्पादकांना परवानगी मिळाली आणि खाण्याचे सगळेच मीठ आयोडीनयुक्त करायचे ठरले. पाकिटबंद ब्रँडचे मीठ बाजारात येण्याचा काळही हाच: टाटा सॉल्ट १९८३ चे. १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातून गलगंड हा शब्द गेला आणि ‘आयोडीन न्यूनता विकार’ आला. गाठीपेक्षा मेंदू महत्त्वाचा, हे सरकारी कागदावर मान्य झाले.

किनाऱ्यावरच्या माणसाला हे सारे परके वाटणे साहजिक होते. उरण, पेण, वसई, शिरोडा इथल्या मिठागरांत समुद्राचे पाणी उन्हात आटवून काढलेले मीठ म्हणजे समुद्रच, मग त्यात आयोडीन नसेल कसे? पण समुद्राच्या एका लिटरमध्ये मीठ सुमारे ३५ ग्रॅम आणि आयोडीन फक्त ५०-६० मायक्रोग्रॅम. त्यातलेही स्फटिक जमताना मिठात फारसे येत नाही, मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहते. कोकणातल्या माणसाला समुद्र आयोडीन देतो तो मासळीतून, मिठातून नाही. मासे न खाणाऱ्या किनाऱ्यावरच्या घराची अवस्था या बाबतीत देशावरच्या घरापेक्षा फार वेगळी नसते.

१९९७ मध्ये केंद्राने साध्या मिठाच्या खाद्यविक्रीवर देशभर बंदीची अधिसूचना काढली, २००० मध्ये ती उठवली आणि १७ मे २००६ पासून पुन्हा लागू केली. या मागे-पुढे होण्यात दोन वाद होते. सक्तीने औषध खाऊ घालण्याचा सरकारला अधिकार काय, हा एक. लहान मिठागरवाल्यांना यंत्र आणि तपासणीचा खर्च परवडत नाही, मग फायदा मोठ्या कंपन्यांनाच, हा दुसरा. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झालेल्या प्रदेशात हा दुसरा वाद नुसता हिशेबाचा नव्हता, आणि लहान आगरांच्या बाजूने तो आजही पुरता निकालात निघालेला नाही. नागपूरची अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने बंदीचा नियम अवैध ठरवला. कारण असे की अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा घातक अन्न रोखण्यासाठी आहे, आणि साधे मीठ घातक नाही. मात्र सरकारला दुसरी कायदेशीर वाट काढता यावी म्हणून नियम सहा महिने चालू ठेवला. त्याच सुमारास नवा अन्न सुरक्षा कायदा आणि त्याखालचे नियम अंमलात आले आणि बंदी त्यांत कायम राहिली.

आयोडीन सगळ्या गलगंडांचे उत्तर नाही, हे गेल्या चाळीसेक वर्षांत कळत गेले. १९९० च्या सुमारास असे दिसले की थायरॉक्सिनचे जास्त प्रभावी रूपात रूपांतर करणारे विकर सेलेनियमवर चालते. तेव्हाच्या झाईरमध्ये, आजच्या काँगोत, आयोडीन आणि सेलेनियम दोन्ही कमी असलेल्या मुलांना फक्त सेलेनियम दिले तर थायरॉईडचे काम सुधारण्याऐवजी आणखी घसरले. उरलेसुरले थायरॉक्सिन भराभर वापरले गेले आणि नवे बनवायला आयोडीन नव्हते. क्रम चुकला की उपायच अपाय होतो, याचा हा नमुना. त्याच भागात कसावा हे मुख्य अन्न. त्यातून शरीरात तयार होणारे थायोसायनेट आयोडीनला ग्रंथीत शिरू देत नाही. लोहाचे नातेही असेच. आयोडीनला संप्रेरकात जोडणाऱ्या विकरात लोह असते. आयव्हरी कोस्टमध्ये रक्तक्षय असलेल्या गलगंडी मुलांना आयोडीनयुक्त मिठाबरोबर लोहाच्या गोळ्या दिल्या तेव्हा गाठी जास्त ओसरल्या. आपल्याकडे रक्तक्षयी मुलींची संख्या पाहता ही गोष्ट दूरच्या देशाची म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

जास्त आयोडीनचेही दुष्परिणाम असतात. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर १९६६ मध्ये पावात आयोडेट मिसळू लागल्यावर अतिक्रियाशील थायरॉईडचे रोगी काही वर्षे वाढले, मुख्यतः वयस्कर माणसांत. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या गाठाळ ग्रंथीला अचानक भरपूर आयोडीन मिळाले की ती बेलगाम होते. क्वांदेच्या रोग्यांना १८२० मध्ये जे झाले ते बहुधा हेच.

२००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पुरेसे आयोडीन असलेले मीठ वापरणारी घरे ५१ टक्के होती. २०१८-१९ च्या देशव्यापी आयोडीन पाहणीत ती ७६ टक्के निघाली. उरलेल्या घरांतले मीठ बहुधा खड्याचे, सुट्टे किंवा उघड्यावर ठेवलेले असते. मीठ तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. आरोग्य कार्यकर्तीच्या पिशवीतल्या छोट्या बाटलीतला एक थेंब मिठाच्या ढिगावर टाकला की आयोडीन असेल तर डाग जांभळा-निळा उमटतो, नसेल तर मीठ पांढरेच राहते. मुंबई-पुण्याच्या दुकानांत आज ‘हिमालयन पिंक सॉल्ट’ म्हणून चढ्या भावाने विकले जाणारे गुलाबी मीठ मूळचे खेवड्याच्या डोंगरातले आहे. वरून आयोडीन मिसळलेले नसेल, तर त्यावर टाकलेल्या थेंबाने रंग बदलत नाही.